लूमच्या मॅन्युअलला साडेआठ

मी काय काम करते असं कोणी विचारलं, की मी सांगते, "परदेशी जाणाऱ्या मुलांचे निबंध तपासते." त्यावर समोरच्याचा चेहरा एकदम आदबशीर होतो. "म्हणजे व्हिसा ऑफिसात?" नाही हो. उधन्याला, एका फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली फाफडे तळतात आणि वर आम्ही इंग्रजी. दोन्हींचा वास एकमेकांत मिसळतो. माझ्या हातून तपासून गेलेल्या कित्येक निबंधांना हिंगाचा वास येत असणार.

सुरतेत मराठी शाळेवर इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसले, आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की बँकेतून निवृत्त झालेला नवराही घरीच बसलेला आहे. वरच्या मजल्यावरचे शेजारी कबुतरांना दाणे टाकतात म्हणून सोसायटीला इंग्रजीतून तक्रारी लिहिणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. त्या तक्रारी ते मला मोठ्याने वाचून दाखवत. अशात क्लासवाले जिग्नेशभाई दारात आले आणि म्हणाले, "शैलाबेन, मारे निबंध चेक करवावाळू कोई जोईए." माझा होकार त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गेला.

आता हा धंदा काय आहे ते सांगते. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं. पहिल्या तिन्हींत आपली मुलं कशीबशी तरून जातात. गाडी रुतते ती लिहिण्यात. एक प्रश्न देतात, चाळीस मिनिटं देतात, आणि अडीचशे शब्दांत मत मांडायला सांगतात. मार्क नवापैकी. त्याला बँड म्हणतात. विद्यापीठाला साडेसहा हवे असतील आणि तुम्हाला सहा मिळाले, तर त्या अर्ध्या बँडसाठी पुन्हा सगळी परीक्षा, पुन्हा दणदणीत फी.

तपासताना मी बघते ते एवढंच : विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, एक मुद्दा दुसऱ्याचा हात धरून येतो का, शब्द जागेवर बसलेत का, आणि व्याकरणाने वाक्याचे पाय मोडले नाहीत ना. ऐकायला सोपं आहे. पण "प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का?" या प्रश्नावर एका मुलाने लिहिलं होतं, "नाही, कारण मग पाहुणे आले की त्यांना न्यायचं कुठे?" याला किती द्याल? "मोबाइलमुळे कुटुंबं तुटतात का?" यावर डिंडोलीच्या एका मुलीने लिहिलं, "आमचं कुटुंब मोबाइलमुळेच एकत्र आहे, कारण घरात चार्जर एकच आहे." मी तो निबंध यजमानांना वाचून दाखवला. कबुतरांनंतर पहिल्यांदाच ते दुसऱ्या विषयावर बोलले.

तर असं चाललं होतं. मग एक दिवस एका हुशार मुलाने एकच निबंध मला दोनदा तपासायला दिला, एकदा सोमवारी आणि एकदा गुरुवारी. सोमवारी मी सहा दिले होते, गुरुवारी साडेसहा. दोन्ही कागद त्याने जिग्नेशभाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, आ शुं?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

"सोमवारी चहा आला नव्हता," मी म्हणाले. खरं तेच होतं. हे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, अर्ध्या बँडचा फरक दोन तपासणाऱ्यांत पडतो, आणि एकाच तपासणाऱ्यात जेवणाआधी आणि जेवणानंतर पडतो. पण जिग्नेशभाई मूळचे साड्यांचे व्यापारी. सोमवारी मोजलेली साडी गुरुवारी अर्धा मीटर वाढलेली त्यांना चालत नसे. महिन्याभरात त्यांनी मशीन आणलं.

मशीन म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम. मुलांनी निबंध टाइप करायचा, बटण दाबायचं, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बँड आणि खाली शेरा. "ना चाय जोईए, ना रजा जोईए," असं म्हणून जिग्नेशभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, हार घातला आणि त्याच्यासमोर नारळ फोडला. नारळाचं पाणी उडालं ते थेट कीबोर्डवर. पुढचा आठवडाभर शब्दांमध्ये जागा सोडायचं बटण चिकटून बसलं होतं, त्यामुळे पहिल्या मुलाचा अख्खा परिच्छेद हा एकच सलग शब्द झाला. मशीनने त्याला पाच बँड दिले. शेरा होता : शब्दसंग्रह प्रगत आहे. तथापि शब्दसंख्या किंचित कमी वाटते.

मुलांनी त्याच दिवशी त्याचं नाव मशीनसर ठेवलं.

मी हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. कीबोर्ड बदलल्यावर जिग्नेशभाईंनी जुने, मी तपासलेले निबंध काढले आणि एकेक मशीनला घातला. माझे सहा, मशीनचे सहा. माझे साडेपाच, मशीनचे साडेपाच. कधी अर्ध्याने इकडे, कधी अर्ध्याने तिकडे. पण चुकीचं म्हणावं असं काही सापडेना. मी खुर्चीच्या काठावर बसून वाट बघत होते की आता आपटेल, आता आपटेल. नाही आपटलं. एकच निबंध दहा वेळा घातला तरी दहाही वेळा तोच आकडा. जिग्नेशभाईंचा चेहरा असा फुलला होता, की जणू सोमवारची साडी गुरुवारीही तेवढीच भरली.

"शैलाबेन, तमे हवे आराम करो. बस, बोलण्याची प्रॅक्टिस घ्या."

म्हणजे माझं लाल पेन गेलं. मी मुलांना "गुड मॉर्निंग, प्लीज टेल मी अबाउट युवर होमटाउन" एवढंच विचारायची बाई झाले.

पहिला घोटाळा हर्षलच्या हातून झाला. हर्षल सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तिथे नवा लूम, म्हणजे यंत्रमाग, आला होता, पाण्याच्या जोरावर धागा फेकणारा, आणि त्याचं इंग्रजी मॅन्युअल मालकाने हर्षलला हिंदीत करून द्यायला सांगितलं होतं. ते त्याने कॉपी करून ठेवलेलं. क्लासमध्ये आल्यावर निबंधाच्या जागी चुकून तेच चिकटवलं गेलं. प्रश्न होता : लहान मुलांना गृहपाठ द्यावा का?

मॅन्युअलचा मजकूर असा : यंत्र सुरू करण्यापूर्वी पाण्याचा दाब तपासावा. धागा तुटल्यास लाल दिवा लागेल. अशा वेळी यंत्रात हात घालू नये. याशिवाय, वंगण नियमित करावे.

मशीनसरांनी साडेआठ दिले. शेरा : लेखकाने विषयाची बाजू समतोलपणे मांडली आहे. उदाहरणे समर्पक आहेत.

हर्षल मला बोलवायला धावत आला. मी वाचलं. परत वाचलं. मग आम्ही दोघं जिन्यात जाऊन इतके हसलो की खालचा फाफडेवाला वर बघायला लागला. "मॅडम," हर्षल डोळे पुसत म्हणाला, "गृहपाठात हात घालू नये, हे मत तर बरोबरच आहे ना?"

पण हे हसणं आमच्या दोघांत राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत बॅचभर झालं, आणि मुलं म्हणजे मुलं. मशीनसरांना काय आवडतं याचा त्यांनी आठवड्याभरात असा छडा लावला की त्यातली निम्मी मेहनत इंग्रजीवर घेतली असती तर मला निबंध तपासायला उरलेच नसते. मशीनसरांना लांब वाक्यं आवडतात. लांब निबंध त्याहून आवडतो. तोच परिच्छेद शेवटी पुन्हा चिकटवला तर अर्धा बँड वाढतो. आणि काही जड शब्द आहेत, ते दिसले की मशीनसर विरघळतात. 'फर्दरमोअर' तर मुलं कोथिंबिरीसारखं सगळ्यावर भुरभुरवू लागली. "माझं नाव किरण. फर्दरमोअर, मी सुरतला राहतो."

बॅचची सरासरी आठाकडे सरकली. जिग्नेशभाईंनी फ्लेक्स लावला, त्यावर मुलांचे फोटो आणि मध्ये आकडा, फरसाणच्या दुकानाच्या बोर्डापेक्षा मोठा. क्लासला लोचो, म्हणजे सुरतेचा वाफवलेला डाळीचा नाश्ता, मागवला. मीही खाल्ला. लोचोचं माझं कोणाशी भांडण नाही.

मला खरं वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. "तुमच्या शहरात झालेला एक बदल" या विषयावर एका मुलाने लिहिलं होतं, की लहानपणी घरामागच्या नाल्याचं पाणी बघून आम्ही ओळखायचो, आज कारखान्यात कुठल्या रंगाच्या साड्या रंगल्या. गुलाबी नाला असला की लग्नसराई आली. मशीनसरांनी शेरा मारला, असंबद्ध तपशील, वगळल्यास लेखन सुधारेल. मुलाने वगळलं. त्या जागी शहरीकरणाबद्दल चार जड वाक्यं घातली, जी बाकीच्यांच्याही निबंधात होती. दीड बँड वाढला. मला कळलं तेव्हा त्याची परीक्षा होऊनही गेली होती आणि मूळ निबंध त्याने पुसून टाकला होता. गुलाबी नाला गेला तो गेलाच.

आता जयश्रीकडे येते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

जयश्री पाटील नवागामची. वडील लूमवर, मूळ अमळनेरकडचे. ही नर्स झाली आणि इथल्याच एका खासगी इस्पितळात आयसीयूत कामाला लागली. ड्यूटी संपली की तशीच क्लासला यायची, केसांचा अंबाडा, पायात पांढरे बूट. परदेशातल्या एका इस्पितळाने तिची व्हिडिओवर मुलाखत घेऊन तिला पसंत केलं होतं. जागा त्यांनी धरून ठेवली होती, पण कायमची नाही. पुढच्या परीक्षेत लिहिण्यात सात आले तर जागा तिची, नाही तर ते दुसरी बघणार होते.

जयश्री लिहायची अगदी साधं. छोटी वाक्यं. मुद्दा, कारण, उदाहरण, संपलं. पेशंटची माहिती पुढच्या ड्यूटीच्या नर्सला सांगावी तसं. तिने पहिला निबंध मला दाखवला, माझ्या मते सात. मशीनसर म्हणाले साडेपाच. शेरा : वाक्यरचना मर्यादित, शब्दसंग्रह सामान्य. तिने दुसरा लिहिला, साडेपाच. तिसरा, साडेपाच.

"मॅम, तुम्ही माझं मन राखायला सात म्हणता," ती म्हणाली.

"मी आजवर कोणाचं मन राखलंय? बाकीच्यांना विचार."

पण तिचा धीर सुटला होता. बाकीच्या मुली तिला मशीनसरांची आवडनिवड शिकवू लागल्या, आणि जयश्री काही शिकायला घेतलं की पुरं शिकणारी पोर. पंधरवड्यात तिच्या निबंधाची पार वरात झाली. "वृद्धांनी कुटुंबासोबत राहावं का?" यावर तिने जे लिहिलं, त्याचं मराठी करून सांगते : "अनादि काळापासून आजींची एक बहुआयामी विपुलता समाजाच्या पटलावर झगमगत आहे." मी ते वाक्य वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे शे-दीडशे झगमगत्या आज्या उभ्या राहिल्या.

मशीनसरांनी आठ दिले. मी पाच दिले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील क्लासवर आले, अशोकभाऊ. अंगावर धाग्यांची लव तशीच. माझं माहेर धुळ्याचं हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं, त्यामुळे त्यांनी सरळ अहिराणीतच सुरुवात केली.

"मॅडम, मशीन आठ सांगस, तुम्ही पाच सांगतस. आम्ही कोनं ऐकानं?"

"माझं ऐका."

"हाऊ, पन मशीन खोटं कसाले बोली? त्याले काय पडेल शे?"

खोटं बोलण्यात मशीनचा काहीच फायदा नाही, हे तर खरंच होतं. मग तेच म्हणाले, "दवाखानामा दोन रिपोर्ट येगयेगळा उनात, ते तिसरा करतस. आपन तिसरा करूत ना?"

तिसरा रिपोर्ट आपोआपच आला. आमच्या आधीच्या बॅचचे खऱ्या परीक्षेचे निकाल लागले. फ्लेक्सवरच्या आठवाल्यांना साडेपाच, पाच, एकाला साडेचार. परीक्षेत चिकटवायला काही मिळत नाही, आणि तिथे वाचायला माणूस बसतो. पालक जिना चढून आले. जिग्नेशभाईंनी घाम पुसला आणि जाहीर केलं, "रविवारी मीटिंग. सगळ्यांसमोर मशीनची टेस्ट करू. दूध का दूध."

रविवारी वर उभं राहायला जागा नव्हती. पालक, मुलं, अशोकभाऊ आणि जयश्री, आणि एक गृहस्थ जे फाफडे घ्यायला आले होते आणि गर्दी बघून वर आले. माझे यजमानही आले होते, माझी फजिती बघायला मिळेल या आशेने. ती आशा ताबडतोब पुरी झाली, कारण जिग्नेशभाई म्हणाले, "पहिला निबंध शैलाबेनचा."

मी सगळ्यांसमोर बसून लिहिला. विषय गृहपाठाचाच. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई मी, मनापासून लिहिला. बटण दाबलं. सहा.

मग मागून कोणीतरी खुसकन हसलं. तो आवाज माझ्या परिचयाचा होता. त्याच्याशी लग्न केलंय मी.

"बघा," जिग्नेशभाई हळूच म्हणाले. त्यांनाही जरा वाईट वाटलं असावं.

मग हर्षल उठला. "सर, एक माझा पण टाकू?" त्याने मॅन्युअल चिकटवलं. साडेआठ. मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी वाचलं, यंत्रात हात घालू नये, वंगण करावे. गर्दीत निम्मे लोक लूमवर काम करणारे, त्यांना असल्या सूचना पाठ होत्या. इतका मोठा हशा झाला की खालून कोणीतरी विचारलं, वर लग्न आहे का?

"एक चूक झाली," जिग्नेशभाई म्हणाले. "एक से कुछ साबित नहीं होता."

मी माझाच निबंध घेतला आणि परिच्छेद उलटे लावले, शेवट आधी आणि सुरुवात शेवटी. सहा. मधले दोन परिच्छेद काढून टाकले आणि पहिलाच तीनदा चिकटवला. साडेसहा. मी माझ्यापेक्षा अर्ध्या बँडने सुधारले होते.

आणि तेवढ्यात आमचे यजमान पुढे आले. खिशातून फोन काढला. "जिग्नेशभाई, हे एक बघा." त्यांनी सोसायटीला पाठवलेली ताजी तक्रार होती ती, कबुतरांची. मी म्हटलं, "अहो, नको." पण ते बँकेचे अधिकारी, समोर काउंटर दिसला की थांबत नाहीत. उपरोक्त विषयास अनुसरून, दिनांक अमुकच्या पत्राच्या संदर्भात, सदर पक्ष्यांच्या विष्ठेमुळे उद्भवलेल्या परिस्थितीकडे आपले लक्ष पुनश्च वेधण्यात येते, असं इंग्रजीत दोन पानं. सगळ्या पत्रात पूर्णविराम तीन.

मशीनसरांनी नऊ दिले. पैकीच्या पैकी. शेरा : गृहपाठाविषयी अत्यंत परिपक्व विवेचन.

टाळ्या पडल्या. यजमानांनी हात जोडून त्या स्वीकारल्या. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात नऊ बँडचा माणूस आणि सहा बँडची बाई असा संसार चालला होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते नुसतं "हं, सहा," म्हणायचे.

गर्दी पांगल्यावर जिग्नेशभाई खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी मशीन लोकांना फसवायला आणलं नव्हतं, मुलांना रोज एकाच मापाने मार्क मिळावेत म्हणून आणलं होतं.

"शैलाबेन, पण जुने निबंध तर बरोबर तपासले होते ना याने?"

"हो. कारण ते मुलांनी माणसासाठी लिहिले होते. मशीनसाठी लिहायला लागली, तेव्हा बिघडलं."

"मग खरं कोण? तुम्ही की मशीन?"

"मी पण अर्ध्याने चुकते, जिग्नेशभाई. पण मी चुकते ती निबंध वाचून चुकते."

त्यांनी मान हलवली आणि लाल पेनांचा नवा डबा माझ्याकडे सरकवला. मशीन त्यांनी काढून टाकलं नाही, मीही टाका म्हटलं नाही. स्पेलिंग आणि स्वल्पविराम ते माझ्यापेक्षा बरं पकडतं आणि कंटाळत नाही. फक्त बँडचा आकडा झाकायला त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली. विज्ञानाच्या प्रगतीला डिंकाने आवर घातलेला मी तिथे पहिल्यांदा पाहिला.

जयश्रीची परीक्षा मात्र तोंडावर होती, आणि तिचा हात बिघडला होता. साधं लिही म्हटलं तरी पेनातून आपोआप 'बहुआयामी' यायचं. तिला रडू फुटलं. "मॅम, मला आता साधं सुचतच नाही."

मी तिच्यासमोरचा कागद काढून घेतला. "लिहू नको. आईला फोनवर सांगतेस तसं मला सांग. अहिराणीत. म्हाताऱ्या माणसांनी घरी राहावं का?"

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "घरमाच ऱ्हावाले जोयजे. पन घरमा कोन्ही ते जोयजे ना! समदा कामले जातस. डोकरी एकलीच दारकडे देखत बठस."

"आता हेच इंग्रजीत लिही. एक शब्द जास्त नको."

तिने लिहिलं. म्हातारी माणसं घरीच राहावीत हे खरं, पण घरी कोणी असतं का? आयसीयूत तिने बघितलेली एक आजी, जिला भेटायला सगळे यायचे पण घरी न्यायला कोणी मोकळं नव्हतं, तीही आली. तीन परिच्छेद, स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला आणि मी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, कारण सवय. त्यानंतर रोज हाच उद्योग. आधी अहिराणी, मग इंग्रजी. बाकीच्या मुलांनीही सुरू केलं. कोणी सुरती गुजरातीत, कोणी हिंदीत, एक ओडिया मुलगा ओडियात. खोलीत कोणाला कोणाचं कळत नव्हतं, पण निबंध सुधारत होते.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी जयश्री ड्यूटीवरून थेट आली, बापाला घेऊन. फोनवर आकडे उघडले. ऐकणं आठ, वाचणं साडेसात, बोलणं साडेसात. लिहिणं साडेसहा.

मी सात म्हटलं होतं. मशीन साडेपाच म्हणालं होतं. परीक्षा दोघांच्या मध्ये उभी राहिली, आणि नेमकी अर्ध्या बँडने पोर अडकली. अशोकभाऊ जयश्रीकडे बघत होते, जयश्री फोनकडे.

जिग्नेशभाईंनीच तोंड उघडलं. "फेरतपासणी मागू. दुसरा माणूस वाचतो ना?"

"वाचतो," मी म्हणाले. "पण कमी पण होऊ शकतात."

"मॅम, तुम्ही शपथेवर सात म्हणता का?" जयश्रीने विचारलं.

शपथेवर! त्या दिवशी तिने काय लिहिलं ते मी पाहिलंही नव्हतं. मी तिला तिथेच निबंध तोंडी सांगायला लावलं. तिला जवळजवळ सगळा आठवत होता. एकही झगमगती आजी नव्हती. "मागव," मी म्हणाले.

इस्पितळाला तिने कळवलं, त्यांनी निकालापर्यंत थांबायचं कबूल केलं. ते दिवस कसे गेले ते मला आणि अशोकभाऊंना माहीत. ते जाता येता जिना चढून येत, मी त्यांच्याकडे बघे, ते दारातूनच मान हलवून "नाही" म्हणत आणि उतरून जात. फाफडेवाल्याला वाटे ते क्लास लावायला येतात आणि फी ऐकून परत जातात.

मग एका दुपारी ते आले ते जिना चढलेच नाहीत. खालूनच ओरडले, "मॅडम! सात! सात उनात!" आणि फाफडेवाल्याने, ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, हात पुसून पहिल्यांदा टाळी वाजवली.

जयश्री परदेशी गेली. जाऊन बरेच दिवस झाले.

आता मशीनच्या कंपनीबद्दल. जिग्नेशभाईंनी तक्रारींवर तक्रारी केल्यावर, सगळं होऊन गेल्यावर, त्यांनी एकदाचा आपला माणूस पाठवला. धवल नावाचा सालस तरुण, पाठीला बॅग. त्याने दिवसभर बसून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली, आणि खरं सांगते, ती बरी आहे. विषय सोडून लिहिलं तर आता ओळखते. मी त्याला तसं सांगितलंही. तो खूश झाला.

सगळं आवरून तो निघाला, दारापर्यंत गेला, आणि परत आला. इकडेतिकडे बघितलं. जिग्नेशभाई खाली गेले होते. त्याने बॅगेतून एक कागद काढला, चार घड्या घातलेला.

"मॅम, मी पण परीक्षा देतोय. पुढच्या शिक्षणासाठी. हा निबंध जरा..."

"अरे, मग तुमच्याच मशीनला घाल की."

"घातला," तो म्हणाला. "साडेआठ आले." मग कानाची पाळी चोळत हळूच म्हणाला, "म्हणूनच काळजी वाटते."

मी पेनाचं टोपण काढलं. साडेसहा दिले. आता तो संध्याकाळच्या बॅचला येतो, शेवटच्या बाकावर बसतो, आणि मुलांनी विचारलं, तू काय करतोस, की सांगतो, "कापडाच्या लाइनीत आहे."